फ्रीजमधले सतरा हॉट क्रॉस बन: घट्ट झालेला बन वाळलेला नसतो

प्रश्न विचारणाऱ्या ताई इंग्लंडात राहतात. ईस्टर उलटल्यावर दुकानात हॉट क्रॉस बन (मसाला, बेदाणे आणि पाकवलेली संत्र्याची साल घातलेले, वर क्रॉस काढलेले गोड पाव) निम्म्याहून कमी किमतीत लावले होते, म्हणून यजमानांनी चार-चारची सहा पाकिटं उचलून आणली. मुलांनी दोन दिवस खाल्ले, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. उरलेले सतरा बन ताईंनी फ्रीजमध्ये ठेवले, ते आता दगडासारखे घट्ट झालेत. ‘शिळ्या पावाचं पुडिंग चांगलं होतं’ असं वाचून त्यांनी एकदा करून पाहिलं, तर त्याचा लगदा झाला. शिवाय सासूबाई अंडं खात नाहीत. टाकून द्यायला जीव होत नाही, तर यांचं करू काय, असं त्यांनी विचारलंय.

मी इंग्लंडच्या मध्यभागातल्या, मिडलंड्समधल्या एका बेकरीत बावीस वर्षं काम केलं. दर ईस्टरला आमच्याकडे हा प्रश्न सतरा नाही, शे-दीडशे बनांचा असायचा. त्यामुळे पाककृती सांगीनच, पण आधी तुमच्या पुडिंगचा लगदा का झाला ते बघू. ते कळलं की बाकीचं तुमचं तुम्हालाच सुचेल.

पाव शिळा होतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पाव भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. थंड झाल्यावर तोच स्टार्च हळूहळू पुन्हा आवळत जातो, त्याचे स्फटिक बनतात आणि पाव घट्ट लागायला लागतो. यासाठी पाणी बाहेर जावं लागत नाही. बंद पाकिटातला पावसुद्धा असाच शिळा होतो. आणि हे आवळणं सगळ्यांत वेगानं होतं ते गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमकं फ्रीजच्या तापमानाला. ओट्यावर दोन दिवसांत जेवढा घट्ट झाला असता, तेवढा तुमचा बन फ्रीजमध्ये एका रात्रीत झाला. पाणी मात्र जवळजवळ सगळं आतच राहिलं.

तुम्ही तो घट्ट बन वाळलेला समजून कस्टर्डमध्ये भिजवलात. पण पाणी प्यायला त्याच्यात जागाच नव्हती. ओव्हनमध्ये साठ अंशांच्या वर गेल्यावर आवळलेला स्टार्च पुन्हा सैल पडला, बन मऊ झाला आणि न प्यायलेलं कस्टर्ड भोवती तसंच राहिलं. मग लगदा होणारच.

घरी एक साधी परीक्षा करता येते. पाकिटावर वजन छापलेलं असतं. चार बन दोनशे ऐंशी ग्रॅम असतील, तर एक बन सत्तर ग्रॅमचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक बन ठेवून बघा. अडुसष्ट-एकोणसत्तर भरला, तर तो नुसता घट्ट आहे. साठाच्या खाली आला असेल, तर खरोखर वाळलाय. काटा नसेल तर बन फाडून बघा. वाळलेल्या बनाचा भुगा पडतो, घट्ट झालेला रबरासारखा ताणला जाऊन मग तुटतो.

थोडं परिस्थितीवरही अवलंबून आहे. दुकानातल्या पाकीटबंद बनात तो मऊ राहावा आणि त्याला बुरशी लागू नये म्हणून काही घटक घातलेले असतात. ते बन आठवडाभर दमट राहतात, वाळता वाळत नाहीत. वांद्र्याला किंवा पुण्याच्या कॅम्पात गुड फ्रायडेच्या सुमारास बेकरीतून आणलेले बन कागदी पिशवीत पंख्याखाली दुसऱ्याच दिवशी कोरडे पडतात. तुम्ही तिथून हे वाचत असाल, तर खाली जिथे जिथे ‘आधी वाळवा’ म्हटलंय तिथे तुमचं काम बहुतेक झालेलंच असेल. चॉकलेट, सॉल्टेड कॅरॅमल, चीज-मिरची असले प्रकारही हल्ली निघालेत. चॉकलेटचा बन पुडिंगला चालेल, पण टोस्ट करायला घेऊ नका, चॉकलेट जळून कडू होतं. चीजवाल्याचा तर यातल्या कशाशीच संबंध नाही, तो भाजून सूपबरोबर खा.

तारखेचं म्हणाल, तर बनावर सहसा ‘बेस्ट बिफोर’ असतं. म्हणजे त्यानंतर चव-पोत उतरेल, खाल्ल्यानं लगेच काही होणार नाही. बुरशीला मात्र सवलत नाही. हिरवा ठिपका दिसला की तेवढा भाग कापून बाकीचा वापरू नका. मऊ पावात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात. तो बन टाकायचा आणि त्याच पाकिटातले बाकीचे नीट उलटसुलट करून बघायचे.

गंमत म्हणजे, गुड फ्रायडेला भाजलेल्या बनाला बुरशी लागत नाही अशी इंग्लंडात जुनी श्रद्धा आहे. लोक तो वर्षभर स्वयंपाकघरात टांगून ठेवत. पूर्व लंडनच्या बो भागात ‘द विडोज सन’ नावाचा पब आहे, त्याच्या छताला अशा बनांची जाळी टांगलेली असते. एका विधवेचा खलाशी मुलगा ईस्टरला परत येणार होता, तो आलाच नाही, आणि ती दर वर्षी त्याच्यासाठी एक बन राखून ठेवत राहिली, अशी त्यामागची कथा. दर गुड फ्रायडेला नौदलातला एखादा खलाशी त्या जाळीत नवा बन टाकतो, अशी प्रथा पडली. ते बन टिकतात ते उबेत टांगून ठणठणीत वाळल्यामुळे. बन पूर्ण वाळवला की बुरशीला लागणारा ओलावाच उरत नाही.

आता कामाला लागू. ज्यांना बन बन म्हणूनच खायचाय, त्यांच्यासाठी आधी. घट्ट बन परत मऊ होतो, कारण आवळलेला स्टार्च गरम केल्यावर सैल पडतो. बनावर पाण्याचा हात फिरवा, फॉइलमध्ये सैल गुंडाळा आणि १६० अंशांच्या ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटं ठेवा. एअर फ्रायरमध्ये १५० ला चार मिनिटं पुरतात. मायक्रोवेव्हमध्ये पंधरा सेकंदांत होतो, पण दहा मिनिटांत पहिल्यापेक्षा चिवट होतो, तेव्हा हातात चहाचा कप असेल तरच. कुठल्याही पद्धतीनं केला तरी एकदा गरम केलेला बन लगेच खायचा, तो दुसऱ्यांदा फार भरभर आवळतो. आणि पुढच्या वर्षी फ्रीजच्या वाटेला जाऊच नका. आणल्या दिवशी आडवे कापून थेट फ्रीझरमध्ये टाका. गोठल्यावर शिळं होणं जवळजवळ थांबतं, तीन महिने बिनधास्त राहतात. कापून ठेवलेले असले की हवा तेवढा अर्धा काढून भाजता येतो. उभ्या टोस्टरपेक्षा ग्रिल बरं, कारण टोस्टरमध्ये वरचा साखरेचा थर आणि सुटे बेदाणे तारांवर पडून धूर करतात.

पुडिंगवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ते बिघडवलेला मीही एक आहे. 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला होता आणि पाडवा 9 एप्रिलला. आमच्या मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी ठरला होता. बेकरीत उरलेले बन मी फ्रीझरमध्ये ठेवले होते, तेव्हा म्हटलं श्रीखंडाबरोबर गरम पुडिंगही करू. चाळीस माणसांचं पुडिंग, आणि घाईत बन वितळल्या वितळल्या तसेच भिजवले. वरून सोनेरी, देखणं. पळी घातली तर खाली पेज. वर्षानुवर्षं पोरांना शिकवलेली गोष्ट मी स्वतः विसरलो होतो. एका आजींनी वाटीत घेऊन शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, “लापशी छान झालीय हो.”

तर सहा बनांचं प्रमाण. बन आडवे कापून दोन भाग करा, तोंडं वर करून ट्रेमध्ये मांडा आणि १४० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. रंग यायला नको, नुसती वरची बाजू बोटाला खरखरीत लागली पाहिजे. थंड होऊ द्या, मग लोणी लावा. तीन अंडी आणि एक जादा पिवळा बलक, चारशे मिली सायीचं दूध, दीडशे मिली डबल क्रीम (इथली दाट क्रीम), चिमूटभर मीठ आणि फक्त चाळीस ग्रॅम साखर. साध्या पावाच्या पुडिंगला मी याच्या दुप्पट घालतो. पण बनात साखर आहे, वरच्या चकाकीत साखर आहे, बेदाण्यात आहे, पाकवलेल्या सालीत आहे. मसाला तर अजिबात घालू नका. दालचिनी, जायफळ, लवंगेच्या जातीचं सगळं आत आधीच आहे. त्यात आपण सवयीनं वेलची टाकली की तिचं या मंडळींशी पटत नाही, दोन्ही वास एकमेकांना मारतात. त्यापेक्षा लिंबाची साल किसून घाला, ती या सगळ्या गोडाला जरा टोक आणते.

दूध-क्रीम कोमट करून अंड्यात मिसळा, बनांवर ओता, पळीच्या पाठीनं दाबा आणि अर्धा-पाऊण तास विसरून जा. मध्ये एकदा बघाल तर भांड्यातली पातळी उतरलेली दिसेल. तशी दिसली की समजायचं, बन कस्टर्ड पितायत. मग भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून १६० ला, पंख्याचा ओव्हन असेल तर १४० ला, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. मधला भाग हलवल्यावर जेलीसारखा थरथरला की बाहेर काढा, बाकीचं ते बाहेर बसूनच शिजतं. अंड्याचं कस्टर्ड आतून पंचाऐंशी अंशांच्या पुढे गेलं की फाटतं आणि पाणी सोडतं. पाण्याचा ट्रे त्यासाठीच.

वरच्या क्रॉसकडेही लक्ष द्या. तो नुसत्या मैद्याचा आणि पाण्याचा असतो, त्यात ना साखर ना लोणी. ताज्या बनावर तो मऊ असतो, पण दुसऱ्यांदा भाजताना चामड्यासारखा होतो आणि कस्टर्डमध्येही तसाच राहतो. मऊ पुडिंगमध्ये दाताखाली एकदम वादी आल्यासारखं वाटतं. वाळवलेल्या बनावरून तो सुरीच्या टोकानं पट्टीसारखा उचलला जातो. मुलांना हे काम फार आवडतं. चुऱ्यात गेला तर चालतो, पुडिंगमधून काढाच.

सासूबाईंसाठी. आधी बनाच्या पाकिटावरची घटकांची यादी बघा. इथे ॲलर्जीचे पदार्थ ठळक अक्षरांत छापावे लागतात, त्यामुळे बनातच अंडं आहे का ते लगेच कळतं. काहींत असतं, काहींत नसतं. नसेल तर कस्टर्ड पावडर घ्या. ही पावडर मुळात अशाच घरगुती अडचणीतून जन्मली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्यानं 1837 मध्ये कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. तीन बनांना चारशे मिली दूध, सव्वा मोठा चमचा पावडर, एक मोठा चमचा साखर. नेहमीपेक्षा पातळ, ओतता येईल असं शिजवा, वाळवलेल्या बनांवर ओता, वीस मिनिटं मुरू द्या आणि १८० ला वीस-पंचवीस मिनिटं वर डाग पडेपर्यंत भाजा. यात फाटण्याची भीती नाही, पाण्याचा ट्रे नको. अंड्याच्या पुडिंगसारखं थरथरत नाही हे खरं, पण चव उतरत नाही.

माझा स्वतःचा सगळ्यांत लाडका प्रकार मात्र चहाबरोबरचे टोस्ट. बेकरीतल्या गोऱ्या सहकाऱ्यांनाही मी त्याची सवय लावली. बन उभा कापून बोटभर जाडीचे चार काप करायचे, जाळीवर मांडायचे, १२० अंशांवर चाळीस मिनिटं, मग उलटून आणखी वीस. ओव्हन बंद करून आतच निवू द्यायचे. घाईनं जास्त आच दिलीत तर बेदाणे फुगून काळे पडतील आणि काप मधून मऊच राहतील. मधला काप मोडून बघा, कटकन आवाज आला पाहिजे. घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे राहतात. चहात बुडवल्यावर दालचिनीचा वास वर येतो आणि साल दाताखाली आली की अर्धा क्षण संत्र्याची गोळी खाल्ल्यासारखं वाटतं. लहानपणी गावच्या बेकरीतून वर्तमानपत्राच्या पुड्यात आणलेले टोस्ट ज्यांनी खाल्लेत, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

शेवटी उरतो तो चुरा. त्यासाठी बन आधी टोस्टइतके नाही तरी अर्धेमुर्धे वाळवा आणि हातानं फोडून बेदाणे बाजूला काढा. बेदाण्यांसकट मिक्सरमध्ये घातलंत तर पात्याखाली डिंकासारखा गोळा बसतो आणि वरचा पाव तसाच फिरत राहतो. चुरा झाला की बेदाणे परत मिसळा. आपल्याकडे शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू करतात, तसाच याचाही होतो. तीन बनांच्या चुऱ्याला तीन मोठे चमचे तूप आणि दोन चमचे किसलेला गूळ. पोळीच्या लाडवाइतका गूळ घातलात तर खाववणार नाही. तुपात गूळ नुसता विरघळू द्या, पाक करू नका, आच बंद करून चुरा घाला आणि कोमट असतानाच वळा. वळत नसेल तर दुधाचा एक चमचा. दूध घातलं तर दोन दिवसांत संपवा.

इंग्रजांकडे ब्राउन ब्रेड आइस्क्रीम म्हणून जुना प्रकार आहे. पावाचा चुरा साखरेबरोबर ओव्हनमध्ये खमंग करून आइस्क्रीममध्ये मिसळतात. बनाच्या चुऱ्याला साखर जवळजवळ लागत नाही, नुसता थोड्या लोण्यावर कुरकुरीत परतला तरी पुरे. हाच चुरा श्रीखंडावर भुरभुरून बघा, फक्त वाढताना घाला, आधी घातला तर पाणी धरून गिचका होतो. गोल्डन सिरप (साखरेचा दाट सोनेरी पाक), लिंबू आणि पावाचा चुरा घालून इथे ट्रीकल टार्ट करतात, त्यातही निम्मा चुरा बनाचा चालतो. पूर्ण बनाचा घालू नका, जीभ गोडानं बधिर होते.

चीजबरोबर हा बन खातात हे ऐकून आपली माणसं नाक मुरडतात. यॉर्कशायरकडे नाताळच्या फळांच्या केकबरोबर वेन्स्लीडेल चीज खायची पद्धत आहे, त्यातलाच हा भाऊबंद. अर्धा बन ग्रिलखाली भाजा, वर जुनं, तिखटसर चेडर ठेवा, वितळू द्या. एकदा खाऊन मग ठरवा.

फोडणीचा पाव करायचा मोह होईल, तो आवरा. मी केलाय. कांदा, मोहरी, हिरवी मिरची आणि मध्येच पाकवलेली संत्र्याची साल. घरात कोणी काही बोललं नाही, पण ताटं तशीच परत आली. तुकडे तळून शाही तुकड्यासारखं करायलाही हा बन फारसा बरा नाही. साखरेमुळे बाहेरून क्षणात काळा होतो आणि आत दमटच राहतो. करायचंच असेल तर तूप लावून ओव्हनमध्ये भाजा.

एक सांगतो, ही उरण्याची भानगड तशी अलीकडची. 1592 मध्ये लंडनच्या बाजारावरच्या अधिकाऱ्यानं असे मसाल्याचे बन गुड फ्रायडे, नाताळ आणि अंत्यविधी सोडून एरवी विकायलाच बंदी घातली होती. आता ते जानेवारीपासून फळीवर असतात आणि ईस्टरच्या सोमवारी ढिगानं उरतात. तेव्हा यजमानांना फार बोलू नका.

तुमच्या सतरांचा हिशेब मी असा लावीन. आज संध्याकाळी सगळे फ्रीजबाहेर काढून तपासा. चार आडवे कापून फ्रीझरमध्ये टाका, रविवारी सकाळी भाजायला. सहा पुडिंगला, त्यातले तीन अंड्याचे आणि तीन कस्टर्ड पावडरचे, दोन वेगळ्या भांड्यांत, अंड्याच्या पुडिंगचं प्रमाण निम्मं करून. पुडिंगचे बन वाळवायला ओव्हन तापलेलाच असेल, तर ते निघाले की तापमान १२० वर आणून चार बनांचे टोस्ट त्याच ओव्हनमध्ये लावा. उरलेल्या तीनांचा चुरा. आणि घरात कुत्रा असेल तर या कशाचाही तुकडा त्याला घालू नका, टोस्टचा कोपराही नाही. द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी असतात. चुकून त्यानं खाल्लंच तर वाट बघत बसू नका, लगेच व्हेटला फोन करा.